माग गोठवले, गिरणगाव वाचलं का?

माझं आजोळ लालबागचं, पोटापाण्याची पत्रकारिता भिवंडीत. परवा मामांकडे गेलो होतो. ऐंशीला टेकलेले मामा गिरणीत साचेखात्यात होते. टीव्हीवर एआयची चर्चा चालू होती. मी म्हटलं, "सरकारने नोकऱ्या वाचवायला पाहिजेत." मामा हसले. "आमच्याही वाचवत होतंच की!"

ते ऐकून मंडळी, मी जुनी कागदपत्रं काढून बसलो.

यंत्र विरुद्ध माणूस हे भांडण इथे जुनंच. १९२८ चा सहा महिन्यांचा संप आठवा. दोन मागांवरच्या साचेवाल्याने तीन माग चालवावेत, याला कामगारांचा विरोध होता. कारण सरळ होतं, तिसऱ्या मागावरचा माणूस जाणार कुठे?

स्वातंत्र्यानंतर सरकारने याचं उत्तर धोरणातून दिलं. १९५५ ची कर्वे समिती, आणि पुढच्या वर्षापासून गिरण्यांमधल्या मागांची संख्या गोठवली गेली. स्वयंचलित मागांवरही बंधनं आली. हेतू चांगला होता, हातमागवाला जगावा. पण कापडाची मागणी काही गोठली नाही. ती गेली यंत्रमागाकडे, म्हणजे आमच्या भिवंडीत, मालेगावात, इचलकरंजीत. गिरण्यांनी भंगारात काढलेले कित्येक माग याच शेडमध्ये येऊन पुन्हा धडधडू लागले. तिथे बारा तासांची पाळी, ना फंड ना युनियन. नोकरी वाचली म्हणावं, तर अशी वाचली!

सगळा दोष सरकारचा नाही. बऱ्याच मालकांनी कमावलेला नफा गिरणीत परत घातलाच नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा अनेक गिरण्या आतून आधीच पोखरल्या होत्या.

मग धोरण उलटं फिरलं. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने बंधनं सैल केली, १९८६ मध्ये आधुनिकीकरणासाठी ७५० कोटींचा निधी आला. तीस वर्षं उशिरा. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरणीची जमीन विकायची वाट मोकळी केली. त्या पैशातून गिरण्या सावराव्यात, कामगारांची देणी भागावीत अशी अपेक्षा होती. पुढे काय उभं राहिलं ते करी रोडच्या पुलावरून दिसतं. सांगायला नको.

माझं मत विचाराल तर चूक यंत्र अडवण्यात नव्हती, तशी आणण्यातही नव्हती. दोन्ही वेळा हिशोब झाला तो मागांचा, कोटींचा, चौरस फुटांचा. मागावरच्या माणसाला नवं काम कोण शिकवणार, तोवर त्याचं घर कसं चालणार, याचं उत्तर धोरणात कधी ठळक दिसलंच नाही.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने दहा हजार कोटींहून मोठ्या इंडियाएआय मिशनला मंजुरी दिली. चांगलंय. त्यात कौशल्य शिकवायचीही योजना आहे. ती आजच्या बदली कामगारापर्यंत पोचते का, डेटा एंट्रीच्या पोराला, कॉल सेंटरच्या पोरीला खरंच काही मिळतं का, हे आपणच विचारायचं.

निघताना मामा म्हणाले, "भोंगा बंद झाल्यावर कळलं रे, की उशीर झाला."

तुमच्या घरात कोणी गिरणीत होतं? त्यांचा अनुभव खाली लिहा. वाचतोय.