दिएगो मॅराडोना

दिएगो आर्मांदो मॅराडोना (३० ऑक्टोबर १९६० – २५ नोव्हेंबर २०२०) हा आर्जेन्टिनाचा फुटबॉलपटू व प्रशिक्षक होता. मूळ स्पॅनिश उच्चार 'मारादोना' असा आहे. मराठी वृत्तपत्रांनी मात्र 'मॅराडोना' हेच रूप रूढ केले. त्याच्या नेतृत्वाखाली आर्जेन्टिनाने १९८६ चा विश्वचषक जिंकला. आर्जेन्टिनाकडून तो ९१ सामने खेळला व त्यांत त्याने ३४ गोल केले. निषिद्ध द्रव्यांच्या सेवनावरून त्याच्यावर दोनदा बंदी आली. त्याचा खेळ आणि त्याच्याविषयीचे वाद यांचे वेगळे कप्पे पाडणे कठीण आहे. ज्या सामन्याने त्याला अजरामर केले, त्याच सामन्यात त्याच्यावरील सर्वांत प्रसिद्ध आक्षेपाचे मूळ आहे.

सुरुवातीची कारकीर्द

मॅराडोनाचे बालपण ब्युनोस आयर्सच्या दक्षिणेकडील विया फियोरितो या गरीब वस्तीत गेले. वयाची सोळा वर्षे पूर्ण होण्यास दहा दिवस बाकी असताना, २० ऑक्टोबर १९७६ रोजी, तो आर्जेन्टिनोस ज्युनियर्स या संघाकडून पहिला व्यावसायिक सामना खेळला. मायदेशी झालेल्या १९७८ च्या विश्वचषकासाठी प्रशिक्षक सेसार मेनोत्ती यांनी त्याला वगळले. हे शल्य त्याला दीर्घकाळ बोचत राहिले. पुढच्याच वर्षी जपानमधील युवा विश्वचषक स्पर्धा त्याच्या संघाने जिंकली.

बोका ज्युनियर्सनंतर १९८२ मध्ये तो विक्रमी किमतीला बार्सिलोनाकडे गेला. तेथील दोन वर्षे आजारपण, घोट्याचे अस्थिभंग व भांडणे यांतच गेली. १९८४ च्या स्पॅनिश चषकाच्या अंतिम सामन्यानंतर बिल्बाओच्या खेळाडूंशी राजासमक्ष झालेली हाणामारी हा त्या पर्वाचा शेवट ठरला.

१९८६ चा विश्वचषक

२२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर आर्जेन्टिना व इंग्लंड यांच्यात उपांत्यपूर्व सामना झाला. फॉकलंड बेटांवरून (आर्जेन्टिनात त्यांना माल्विनास म्हणतात) उभय देशांत झालेल्या युद्धाला चारच वर्षे लोटली होती. ५१ व्या मिनिटाला उंच उडालेल्या चेंडूकडे मॅराडोना व इंग्लंडचा गोलरक्षक पीटर शिल्टन एकाच वेळी झेपावले. उंचीने बराच कमी असलेल्या मॅराडोनाने डाव्या हाताने चेंडू जाळ्यात ढकलला. ट्युनिशियन पंच अली बेन्नासर यांना हात दिसला नाही आणि गोल मान्य झाला. थोडा मॅराडोनाच्या डोक्याने व थोडा देवाच्या हाताने हा गोल झाला, असे त्याने सामन्यानंतर सांगितले आणि 'देवाचा हात' हे नाव कायमचे चिकटले.

चारच मिनिटांनी त्याने मैदानाच्या आपल्या अर्ध्या भागातून चेंडू घेतला, एकामागून एक इंग्लिश खेळाडूंना चकवले, शेवटी शिल्टनलाही हुलकावणी दिली आणि दुसरा गोल केला. फिफाने २००२ मध्ये घेतलेल्या मतदानात हा 'शतकातील सर्वोत्तम गोल' ठरला. सामना आर्जेन्टिनाने २–१ असा जिंकला. पहिल्या गोलाविना निकाल काय लागला असता, हा वाद इंग्लंडमध्ये अद्याप शमलेला नाही. आर्जेन्टिनात मात्र अनेकांनी त्या गोलाकडे लबाडीपेक्षा युद्धातील पराभवाची भरपाई म्हणून पाहिले.

अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीने २–२ अशी बरोबरी साधल्यावर मॅराडोनाच्या पासवरच बुरुचागाने विजयी गोल केला.

नापोली

१९८४ मध्ये तो दक्षिण इटलीतील नापोलीकडे आला. इटलीतील फुटबॉलवर तेव्हा श्रीमंत उत्तरेची मक्तेदारी होती आणि नेपल्सच्या रहिवाशांची तेथील मैदानांवर उघड हेटाळणी होई. नापोलीने १९८६-८७ मध्ये आपले पहिले इटालियन विजेतेपद मिळवले, १९८९ मध्ये युएफा चषक व १९८९-९० मध्ये पुन्हा विजेतेपद जिंकले. शहराने त्याला दैवत मानले. याच काळात कोकेनचे व्यसन वाढले. कामोरा या गुन्हेगारी संघटनेतील कुटुंबासोबतची त्याची छायाचित्रेही प्रसिद्ध झाली. इटलीच्या करखात्याशी त्याचा वाद पुढे अनेक वर्षे चालला.

१९९० च्या विश्वचषकात आर्जेन्टिना व यजमान इटली यांचा उपांत्य सामना नेमका नेपल्समध्येच आला. इतर वेळी तुम्हाला परके मानणारा देश आज तुमचा पाठिंबा मागतो आहे, असे सांगून त्याने स्थानिकांना आपल्या बाजूने वळवण्याचा प्रयत्न केला. आर्जेन्टिना पेनल्टी शूटआउटमध्ये जिंकली. रोममधील अंतिम सामन्यात प्रेक्षकांनी आर्जेन्टिनाच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडवली आणि पश्चिम जर्मनीने सामना १–० असा जिंकला.

बंदी व उत्तरकाल

मार्च १९९१ मधील चाचणीत कोकेन आढळल्याने त्याच्यावर १५ महिन्यांची बंदी आली. १९९४ च्या विश्वचषकात ग्रीसविरुद्ध गोल करून तो परतला, असे वाटत असतानाच नायजेरियाविरुद्धच्या सामन्यानंतर एफेड्रिन सापडले आणि त्याला घरी पाठवण्यात आले. त्याच वर्षी घराबाहेर जमलेल्या पत्रकारांवर त्याने एअरगनने गोळ्या झाडल्या होत्या. १९९७ मध्ये तो निवृत्त झाला. फिफाच्या शतकातील खेळाडूच्या निवडीत इंटरनेट मतदान त्याने जिंकले, तर तज्ज्ञांचा कौल पेलेला मिळाला. अखेर दोघांनाही सन्मान देण्यात आला.

२००८ ते २०१० या काळात तो राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होता. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीने त्याच्या संघाला ४–० असे हरवले. डिसेंबर २००८ मध्ये त्याने कोलकात्याला भेट दिली, तेव्हा अफाट गर्दी लोटली होती.

मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच हृदयक्रिया बंद पडून त्याचे निधन झाले. आर्जेन्टिनाने तीन दिवसांचा दुखवटा पाळला. नेपल्सच्या सान पाओलो मैदानाला डिसेंबर २०२० मध्ये त्याचे नाव देण्यात आले. उपचारांत हयगय केल्याच्या आरोपावरून वैद्यकीय पथकावर मार्च २०२५ मध्ये खटला उभा राहिला. तथापि एका न्यायाधीशाचा याच खटल्यावरील माहितीपटात सहभाग असल्याचे उघड झाल्याने तो मे महिन्यात रद्दबातल ठरला.