अ‍ॅस्पेन हायस्कूल

अ‍ॅस्पेन हायस्कूल ही अमेरिकेच्या कॉलोराडो राज्यातील अ‍ॅस्पेन या शहरातील सार्वजनिक माध्यमिक शाळा आहे. शाळेत नववी ते बारावीचे वर्ग असून विद्यार्थिसंख्या सुमारे ५०० आहे. ही शाळा अ‍ॅस्पेन शालेय जिल्ह्याच्या अखत्यारीत येते. सार्वजनिक शाळा असल्यामुळे येथे शिक्षण शुल्क आकारले जात नाही. रॉकी पर्वतरांगेतील जगप्रसिद्ध स्कीइंग केंद्रात असलेल्या या शाळेच्या संघांना ‘स्कीअर्स’ म्हणजे स्की करणारे या नावाने ओळखले जाते. अमेरिकेतील सर्वाधिक महागड्या शहरांपैकी एका शहरात सर्वांसाठी खुली असलेली शाळा चालविताना शिक्षकांची घरे, विद्यार्थ्यांचे लांबचे प्रवास आणि निधीची उभारणी हे प्रश्न या शाळेपुढे सातत्याने उभे राहिले आहेत.

स्थान व परिसर

अ‍ॅस्पेन शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर, रोअरिंग फोर्क नदीच्या खोऱ्याच्या वरच्या टोकाला वसले आहे. ते पिटकिन काउंटीचे मुख्यालय आहे. २०२० च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ७,००० होती. हिवाळ्याच्या व उन्हाळ्याच्या हंगामात पर्यटकांमुळे प्रत्यक्ष वस्ती याच्या कितीतरी पट होते.

शाळा शहराच्या मध्यवस्तीपासून थोड्या अंतरावर, मरून क्रीक मार्गावर आहे. याच आवारात शालेय जिल्ह्याच्या प्राथमिक व मधल्या इयत्तांच्या शाळाही असल्याने बालवर्गात आलेले मूल बारावीपर्यंत एकाच परिसरात शिकू शकते. आवाराच्या पश्चिमेस मरून क्रीक हा ओढा खोल घळीतून वाहतो. घळीवरील पुलाने ओढा ओलांडला की बटरमिल्क या स्की डोंगराचा टायहॅक हा भाग लागतो. त्याच मार्गाने वर गेल्यास अ‍ॅस्पेन हायलँड्स हा दुसरा स्की डोंगर आणि पुढे मरून बेल्स ही जोडशिखरे येतात. लांब पल्ल्याच्या स्कीइंगसाठी आखलेल्या सार्वजनिक वाटांपैकी एक वाट शाळेच्या आवाराजवळून जाते. शाळेलगत महापालिकेचे क्रीडासंकुल असून तेथे जलतरण तलाव व बर्फाची रिंक आहे.

हिवाळ्यात शहराच्या पूर्वेकडील इंडिपेंडन्स खिंड बर्फामुळे अनेक महिने बंद असते. या काळात वायव्येकडील ग्लेनवूड स्प्रिंग्जहून येणारा ८२ क्रमांकाचा महामार्ग हाच बाहेरच्या जगाशी जोडणारा एकमेव मुख्य रस्ता उरतो. शिक्षकांचे रोजचे येणे-जाणे व क्रीडासंघांचे दौरे या एका रस्त्यावर अवलंबून असतात.

इतिहास

शहराची पार्श्वभूमी

हा प्रदेश मूळचा यूट या आदिवासी समाजाचा. १८७९ मध्ये लेडव्हिलहून डोंगर ओलांडून आलेल्या खाणशोधकांनी येथे चांदी शोधली व वस्ती उभी राहिली. पुढील वर्षी या वस्तीस अ‍ॅस्पेन या स्थानिक वृक्षाचे नाव देण्यात आले. १८९० पर्यंत लोकसंख्या ५,००० च्या पुढे गेली. १८९३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने सरकारी चांदी खरेदीचा शर्मन कायदा रद्द केला. चांदीचे भाव कोसळले, खाणी बंद पडल्या आणि लोक गाव सोडून गेले. १९३० च्या जनगणनेत येथे केवळ ७०० च्या आसपास रहिवासी उरले होते.

१९३७ मध्ये स्विस गिर्यारोहक आंद्रे रॉश यांच्या आराखड्यानुसार अ‍ॅस्पेन डोंगरावर स्कीइंगची पहिली उतरण तयार करण्यात आली. त्याच वर्षी स्थानिक स्की क्लबही स्थापन झाला. दुसऱ्या महायुद्धात जवळच्या कँप हेल येथे अमेरिकेच्या दहाव्या पर्वतीय डिव्हिजनचे प्रशिक्षण झाले. या डिव्हिजनमधील ऑस्ट्रियन वंशाचे सैनिक फ्रीडल फायफर आणि शिकागोचे उद्योगपती वॉल्टर पेपके यांनी युद्धानंतर येथे स्की केंद्र उभे केले. १९४६ च्या डिसेंबरात पहिली खुर्ची-लिफ्ट सुरू झाली. १९५० मध्ये येथे जागतिक अल्पाइन स्की अजिंक्यपद स्पर्धा भरली. १९५८ मध्ये बटरमिल्क व अ‍ॅस्पेन हायलँड्स आणि १९६७ मध्ये स्नोमास हे डोंगर स्कीइंगसाठी खुले झाले.

शाळेच्या इमारती

खाणकाळातच गावात सार्वजनिक शाळा सुरू झाल्या होत्या. चांदीच्या पडझडीनंतर पटसंख्या घटली, तरी गावाने शाळा बंद पडू दिली नाही. १९४१ मध्ये शहराच्या वस्तीत लाल विटांची नवी शालेय इमारत बांधण्यात आली. स्की केंद्र वाढले तशी मुलांची संख्याही वाढली आणि १९६० मध्ये पिवळ्या विटांची आणखी एक इमारत उभी राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाळा टप्प्याटप्प्याने मरून क्रीक मार्गावरील मोकळ्या आवारात हलल्या. जुन्या दोन्ही इमारती आजही सार्वजनिक उपयोगात आहेत. लाल विटांच्या इमारतीत कलाकेंद्र आहे, तर पिवळ्या विटांच्या इमारतीत लहान मुलांची पाळणाघरे व बालसंगोपनाची व्यवस्था आहे.

प्रशासन व निधी

अमेरिकेतील शालेय जिल्हा हा महसुली जिल्ह्याहून वेगळा असतो. तो स्वतंत्र स्थानिक संस्था असून त्याचा कारभार मतदारांनी निवडलेले मंडळ पाहते. अ‍ॅस्पेनच्या मंडळात पाच सदस्य असतात.

शहर श्रीमंत असले तरी शाळेकडे मुबलक निधी आपोआप येत नाही. कॉलोराडोच्या शालेय वित्त कायद्यानुसार प्रत्येक शालेय जिल्ह्याचा प्रतिविद्यार्थी मूळ खर्च राज्याच्या सूत्राने ठरतो. स्थानिक मालमत्ता करातून जेवढी रक्कम कमी पडते तेवढी राज्य देते. मालमत्तेचे मूल्य जास्त असलेल्या अ‍ॅस्पेनसारख्या ठिकाणी स्थानिक कराचा वाटा मोठा व राज्याचा वाटा लहान होतो. एकूण रक्कम मात्र सूत्राच्या मर्यादेतच राहते. त्याहून अधिक कर बसविण्यासाठी मतदारांची मंजुरी घ्यावी लागते. ‘टेबर’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी १९९२ ची राज्यघटना दुरुस्ती करवाढीसाठी मतदान बंधनकारक करते. शिवाय मतदारांनी संमती दिली तरी अशा अतिरिक्त करालाही कायद्याने कमाल मर्यादा आहे.

२००८ च्या आर्थिक मंदीनंतर राज्याने शालेय निधीत कपात केली. त्या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर २०१२ मध्ये अ‍ॅस्पेन शहराच्या मतदारांनी सार्वजनिक शाळांसाठी ०.३ टक्के विक्रीकर मंजूर केला व पुढे त्याची मुदत वाढविली. हा कर शालेय जिल्ह्याचा नसून शहराचा असतो. पर्यटकांच्या खरेदीवरही तो लागू असल्याने शाळेच्या खर्चाचा काही भार पर्यटनावर पडतो. यांखेरीज अ‍ॅस्पेन एज्युकेशन फाउंडेशन ही ना-नफा संस्था देणग्या गोळा करून महाविद्यालयीन प्रवेशाचे समुपदेशन व अन्य उपक्रमांना साहाय्य करते.

अभ्यासक्रम

राज्याच्या अभ्यासक्रमाबरोबर शाळेत इंटरनॅशनल बॅकलॉरिएट (आयबी) डिप्लोमा उपलब्ध आहे. अकरावी व बारावीच्या दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमात सहा विषयगटांबरोबर ज्ञानमीमांसेचा अभ्यास, विस्तृत निबंध आणि सर्जनशीलता, शारीरिक उपक्रम व समाजसेवा यांचा समावेश असतो. भारतात हा अभ्यासक्रम प्रामुख्याने मोठ्या शहरांतील महागड्या खासगी शाळांत आढळतो. अ‍ॅस्पेनमध्ये तो विनाशुल्क सार्वजनिक शाळेत शिकविला जातो. विद्यार्थ्यांनी संपूर्ण डिप्लोमाच घ्यावा असे बंधन नसून निवडक विषयही घेता येतात.

मैदानी व अनुभवाधारित शिक्षण

डोंगर हीच प्रयोगशाळा मानण्याची परंपरा या शालेय जिल्ह्यात अनेक दशकांपासून आहे. आठवीचे विद्यार्थी शिक्षकांसमवेत मार्बल या जवळच्या गावाभोवतालच्या रानात काही दिवस मुक्काम करतात. पाठीवर सामान घेऊन चालणे, नकाशावाचन, स्वयंपाक आणि गटाने निर्णय घेणे हा त्या मुक्कामातील अभ्यास असतो. हायस्कूलमध्ये हाच धागा अनुभवाधारित शिक्षणाच्या सप्ताहात पुढे जातो. या सप्ताहात नेहमीचे वर्ग बंद ठेवून विद्यार्थी शिक्षकांच्या नेतृत्वाखाली लहान गटांनी बाहेर पडतात. नदीतील तराफा-प्रवास, वाळवंटातील पदभ्रमण, कला व समाजसेवा असे सहलींचे निरनिराळे प्रकार असतात.

या उपक्रमांना स्थानिक गरजेचीही जोड आहे. हिमकडे कोसळण्याचा धोका, अचानक पालटणारे हवामान व विरळ हवा यांची जाण डोंगराळ भागात राहणाऱ्यांना आवश्यक असते.

क्रीडा

कॉलोराडोच्या आंतरशालेय क्रीडा संघटनेने स्कीइंगला अधिकृत शालेय खेळ म्हणून मान्यता दिली आहे. राज्य स्पर्धेत अल्पाइन प्रकारात स्लॅलम व जायंट स्लॅलम या शर्यती असतात, तर नॉर्डिक म्हणजे लांब पल्ल्याच्या प्रकारात क्लासिक व स्केटिंग या दोन्ही शैलींच्या शर्यती होतात. सर्व शर्यतींचे गुण मिळून सांघिक विजेता ठरत असल्याने केवळ उतारावर वेगवान असलेला संघ जिंकू शकत नाही. या स्पर्धेत अ‍ॅस्पेनच्या संघांनी अनेकदा राज्य अजिंक्यपद मिळविले आहे. शाळेत बास्केटबॉल, फुटबॉल, व्हॉलीबॉल, आइस हॉकी, गोल्फ, टेनिस इत्यादी खेळांचेही संघ आहेत.

आंतरराष्ट्रीय पातळीकडे वाटचाल करणारे खेळाडू बहुधा १९३७ च्या क्लबातून विकसित झालेल्या अ‍ॅस्पेन व्हॅली स्की अँड स्नोबोर्ड क्लब या संस्थेत प्रशिक्षण घेतात. अमेरिकेतील अनेक स्की नगरांत अशा खेळाडूंसाठी मोठे शुल्क आकारणाऱ्या स्वतंत्र खासगी अकादमी आहेत. अ‍ॅस्पेनमध्ये सार्वजनिक शाळा व क्लब शेजारी असल्याने नियमित शिक्षण न सोडता प्रशिक्षण घेण्याचा पर्याय खुला राहिला आहे. मात्र क्लबचे प्रशिक्षण, साधने व प्रवास यांचा खर्च असतोच. तो न परवडणाऱ्या मुलांसाठी क्लब शिष्यवृत्त्या देतो.

विद्यार्थी उपक्रम

विद्यार्थी स्वतः ‘स्कीअर स्क्रिबलर’ हे वृत्तपत्र चालवितात. नाटक व संगीत यांसाठी शालेय आवारात रंगमंच आहे.

घरांचा प्रश्न

शाळेपुढील सर्वांत कठीण प्रश्न घरांचा आहे. अलीकडच्या वर्षांत अ‍ॅस्पेनमधील स्वतंत्र घराची सरासरी विक्री किंमत १ कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे. अनेक घरे बाहेरगावच्या धनिकांची दुसरी किंवा तिसरी निवासस्थाने असून वर्षातील बहुतेक काळ रिकामी असतात. शिक्षकाच्या पगारात खुल्या बाजारातील घर घेणे अशक्यप्राय असल्यामुळे नियुक्तीचा प्रस्ताव मिळालेले उमेदवार घराअभावी माघार घेतात, किंवा काही वर्षांत नोकरी सोडून जातात.

या प्रश्नावर दोन मार्ग अवलंबिले जातात. पहिला मार्ग अ‍ॅस्पेन-पिटकिन काउंटी गृहनिर्माण प्राधिकरणाचा आहे. या प्राधिकरणाच्या कक्षेत सुमारे ३,००० घरे असून ती काउंटीत काम करणाऱ्यांनाच घेता येतात. त्यांचे भाडे व विक्री किंमत यांवर मर्यादा असते. दुसरा मार्ग शालेय जिल्ह्याने स्वतःच्या मालकीची घरे बांधण्याचा वा विकत घेण्याचा. २०२० मध्ये मतदारांनी शालेय जिल्ह्यासाठी कर्जरोखे मंजूर केले. त्यातील मोठा भाग इमारतींच्या डागडुजीबरोबर कर्मचाऱ्यांच्या घरांसाठी राखण्यात आला.

दोन्ही मार्गांना मर्यादा आहेत. प्राधिकरणाच्या घरांसाठी मागणी मोठी असून अनेकदा सोडत काढावी लागते. पात्रतेइतकी वर्षे काम केलेल्यांना निवृत्तीनंतरही तेथे राहता येत असल्यामुळे नव्या कर्मचाऱ्यांसाठी घरे सावकाश मोकळी होतात. शालेय जिल्ह्याच्या मालकीचे घर सामान्यतः नोकरीशी बांधलेले असते. त्यामुळे नोकरी सोडणाऱ्या शिक्षकाला घरही सोडावे लागते आणि मालमत्ता उभी करण्याची संधी मिळत नाही.

प्रवेश व विद्यार्थिवर्ग

घरांच्या किमतींमुळे अ‍ॅस्पेनमध्ये काम करणारी अनेक कुटुंबे खोऱ्याच्या खालच्या भागातील बसॉल्ट, कार्बनडेल व ग्लेनवूड स्प्रिंग्ज येथे राहतात. ग्लेनवूड स्प्रिंग्ज येथून अ‍ॅस्पेनचे अंतर सुमारे ६५ किलोमीटर आहे. हॉटेले, उपाहारगृहे व बांधकाम या क्षेत्रांतील लॅटिन अमेरिकी वंशाच्या कामगारांची वस्तीही प्रामुख्याने याच भागात आहे. ही गावे दुसऱ्या शालेय जिल्ह्यात मोडतात. तथापि कॉलोराडोच्या १९९० च्या कायद्यानुसार जागा शिल्लक असल्यास विद्यार्थी अन्य जिल्ह्याच्या सार्वजनिक शाळेत प्रवेश घेऊ शकतो. या तरतुदीचा लाभ घेऊन खोऱ्यातील काही विद्यार्थी अ‍ॅस्पेनला येतात.

खोऱ्यातील सार्वजनिक बससेवेने २०१३ मध्ये जलद बस मार्ग सुरू केला. ग्रामीण भागातील ही अमेरिकेतील पहिली अशी सेवा होय. मात्र जिल्ह्याबाहेरील विद्यार्थ्यांचा प्रवेश जागांच्या उपलब्धतेवर अवलंबून असतो. परिणामी या शाळेचे दार कायद्याने सर्वांना खुले असले, तरी तेथवर पोहोचणे कुटुंब खोऱ्यात कोठे राहते यावर बऱ्याच अंशी ठरते.

प्रसिद्ध माजी विद्यार्थी

• ग्रेचेन ब्लायलर: स्नोबोर्डपटू, २००६ च्या तोरिनो हिवाळी ऑलिंपिकमध्ये हाफपाइप प्रकारात रौप्यपदक.
• अ‍ॅलेक्स फरेरा: फ्रीस्टाइल स्कीपटू, हाफपाइप प्रकारात २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये रौप्य व २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक.
• सिमी हॅमिल्टन: लांब पल्ल्याचे स्कीपटू, २०१०, २०१४ व २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचे प्रतिनिधित्व.
• बिल मारोल्ट: अल्पाइन स्कीपटू, १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये सहभाग व पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय स्की व स्नोबोर्ड संघटनेचे प्रमुख.