उच्च तापमानाचे अतिसंवाहक चुंबकीय संवेदक : गोंगाटावर मात कशी?

मानवी मेंदूतून उमटणारे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तुलनेत सुमारे 50 कोटी पटींनी क्षीण असते. ते टिपू शकणाऱ्या मोजक्या उपकरणांमध्ये ‘स्क्विड’ या अतिसंवाहक संवेदकाचा समावेश होतो. अतिसंवाहक पदार्थाचे वलय आणि त्यातील एक किंवा दोन क्षीण जोड, अशी त्याची रचना असते. ब्रायन जोसेफसन यांनी 1962 मध्ये वर्तविल्याप्रमाणे अशा जोडातून ठरावीक मर्यादेपर्यंतचा प्रवाह विद्युतदाबाविना वाहतो. दोन जोडांच्या स्क्विडमध्ये ही मर्यादा ओलांडल्यावर निर्माण होणारा दाब वलयातील चुंबकीय क्षेत्रानुसार बदलतो. हाच बदल मोजला जातो.

पारंपरिक स्क्विड नायोबियमचे असून त्यांना उणे 269 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियमची गरज भासते. हेलियम महाग असून भारताला ते आयात करावे लागते. योहानेस बेडनोर्झ आणि अलेक्स म्युलर यांनी 1986 मध्ये उच्च तापमानातील अतिसंवाहकता शोधली. पुढच्याच वर्षी इट्रियम, बेरियम आणि तांबे यांचे ऑक्साइड सुमारे उणे 180 अंशांना अतिसंवाहक होत असल्याचे आढळले. त्यामुळे उणे 196 अंशांचा स्वस्त द्रवरूप नायट्रोजन पुरेसा ठरला.

मात्र, तापमानासोबत संवेदकातील विद्युतीय गोंगाटही वाढला. त्याची मुख्य कारणे तीन आहेत. पहिले कारण उष्णतेचे. ते आटोक्यात ठेवण्यासाठी वलय लहान ठेवले जाते आणि क्षेत्र गोळा करण्याकरिता त्याला मोठे ग्राहक वलय जोडले जाते. दुसरे कारण जोडांचे. हे जोड बहुधा दोन स्फटिककणांच्या सीमेवर तयार केले जातात आणि त्यांची प्रवाहमर्यादा सतत किंचित हलते. प्रवाहाची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटवून ही त्रुटी बरीचशी रद्द करता येते. तिसरे कारण पदार्थात अडकणाऱ्या चुंबकीय भोवऱ्यांचे. ते जागा बदलतात तेव्हा खोटा संकेत मिळतो. यावर उपाय म्हणून पातळ थरातील पट्ट्या काही मायक्रोमीटर इतक्याच रुंद ठेवतात किंवा रुंद भागात फटी कोरतात. पृथ्वीच्या क्षेत्रात थंड केल्यावरही अशा अरुंद पट्ट्यांत भोवरे शिरत नाहीत.

या सुधारणांमुळे संवेदक प्रयोगशाळेबाहेर आले. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ संस्थेची ‘लँडटेम’ प्रणाली भूगर्भातील खनिजांच्या शोधासाठी वापरली जाते. स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठात मेंदूच्या संकेतांवर संशोधन झाले. नायट्रोजनच्या पात्राला तुलनेने कमी उष्णतारोधन लागत असल्याने संवेदक टाळूपासून काही मिलिमीटरवर आणता येतो. जवळून संकेत अधिक तीव्र मिळतो आणि वाढलेल्या गोंगाटाची काही अंशी भरपाई होते.

भारतात कल्पक्कम येथील इंदिरा गांधी अणु संशोधन केंद्राने हृदय व मेंदूच्या चुंबकीय मापनासाठी हेलियमवर चालणाऱ्या स्क्विड प्रणाली विकसित केल्या आहेत. अशा तपासण्या हेलियमविना करायच्या असतील, तर कमी वारंवारतेचा गोंगाट आणखी घटवावा लागेल. कारण हृदय आणि मेंदूचे संकेतही कमी वारंवारतेचेच असतात.