मार्शल, १९७१: जमेच्या बाजूला काय लिहायचं?

आज फुटबॉल, पण अमेरिकेतला. म्हणजे अंडाकृती चेंडू, हेल्मेट, खांद्यावर पॅड, आणि चेंडू बहुतेक वेळ हातातच. तिथे कॉलेज टीमचा नवा सीझन जवळ आला की पेपरात एक ठरलेला लेख येतो: जमेच्या बाजू काय, काळजीच्या बाजू काय. आपणही तोच हिशेब मांडू, मार्शल युनिव्हर्सिटीच्या १९७१ च्या टीमचा.

वेस्ट व्हर्जिनियात ओहायो नदीच्या काठी हंटिंग्टन नावाचं शहर आहे. १४ नोव्हेंबर १९७० ला तिथली टीम ईस्ट कॅरोलायनाकडून १७-१४ ने हरून चार्टर विमानाने घरी येत होती. धावपट्टीच्या थोडं अलीकडेच विमान टेकडीवर आदळलं. ७५ माणसं होती, एकही वाचलं नाही. ३७ खेळाडू, मुख्य प्रशिक्षक रिक टॉली, टीमबरोबर गेलेले शहरातले पाठीराखे.

काळजीची बाजू एवढीच. बाकी काय लिहायचं?

फुटबॉल बंदच करावा असाही विचार झाला. पण शेवटी चालू ठेवायचं ठरलं आणि ओहायोतल्या वूस्टर या छोट्या कॉलेजातून जॅक लेंगेल प्रशिक्षक म्हणून आले. त्यांच्या हातात होतं काय? नेट रफिनसारखे दुखापतीमुळे त्या दिवशी न गेलेले मोजके खेळाडू. आणि पहिल्या वर्षाची मुलं.

इथे जरा थांबू या. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य टीममधून खेळता येत नसे. अगदी लिंबूटिंबू. म्हणूनच ती मुलं विमानात नव्हती. नियमाने त्यांना वाचवलं. आता ती दुसऱ्या वर्षाला आली होती, पण तेवढ्यावर टीम पुरी होईना. मग मार्शलने नियामक संस्थेकडे, म्हणजे एनसीएएकडे, त्याच नियमातून सूट मागितली. ती मिळाली. शाळेतून नुकती बाहेर पडलेली पोरं आता चांगल्या तयारीच्या खेळाडूंसमोर उभी राहणार होती. बास्केटबॉल, बेसबॉल खेळणाऱ्यांनाही मैदानात बोलावलं.

अंगापिंडाने भक्कम खेळाडू नसतील तर धक्काबुक्कीचा खेळ खेळून उपयोग नाही. लेंगेलनी व्हीअर नावाची पद्धत घेतली. त्यात समोरच्या एका बचावपटूला मुद्दामच अडवत नाहीत. तो कुठे झेपावतो ते क्वार्टरबॅक बघतो: तो आत आला तर चेंडू स्वतःकडे, बाहेर थांबला तर चेंडू शेजारच्याच्या पोटाशी. आमच्या भाषेत, सरळ इफ-एल्स. अडवायला एक माणूस कमी लागतो, पण निर्णय पापणी लवायच्या आत घ्यावा लागतो. हे शिकवलं कोणी? त्याच राज्यातल्या मोठ्या वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीने. तिथल्या बॉबी बाउडन यांनी आपली प्लेबुक आणि सामन्यांच्या फिल्म्स लेंगेलसमोर उघड्या ठेवल्या. आपले डावपेच असे दुसऱ्या टीमच्या हाती कोण देतं हो?

पहिला सामना मोरहेड स्टेटशी, २९-६ ने हार. मग २५ सप्टेंबर १९७१, घरच्या मैदानावर झेव्हियर. मार्शल १३-९ ने मागे, घड्याळात जेमतेम शेवटचा एक डाव. क्वार्टरबॅक रेजी ऑलिव्हर एका बाजूला पळाला आणि त्याने दुसऱ्या बाजूला टेरी गार्डनरकडे छोटा पास टाकला. गार्डनर १३ यार्डांवरून थेट आत. १५-१३. ऑलिव्हर अपघाताच्या वेळी पहिल्या वर्षाला होता, म्हणून टीमबरोबर गेलेला नव्हता.

सामना संपला तरी लोक मैदान सोडेनात.

त्या सीझनला आणखी एकच विजय मिळाला, बोलिंग ग्रीनवर, १२-१० ने. बाकी ८ पराभव. लेंगेल चार सीझन राहिले आणि ९ जिंकून ३३ हरले. हारण्यापेक्षा जास्त सामने जिंकलेला सीझन मार्शलला थेट १९८४ मध्ये मिळाला.