पागेची वैरण आणि कुणब्याचे घर

१/४ मराठ्यांचे घोडदळ दसऱ्यानंतर मुलूखगिरीस निघे आणि पावसाळ्यात स्वराज्यातील छावणीस परते. त्या चार महिन्यांसाठी दाणा, वैरण आणि शाकारलेल्या पागा आधीच सिद्ध ठेवाव्या लागत.

२/४ १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूण भागात अशी छावणी होती. तेथील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना शिवाजी महाराजांनी धाडलेले पत्र उपलब्ध आहे.

३/४ त्यातील हिशेब सरळ आहे. दाणा-गवत आहे तोवर मनमानेल तसे चारले, तर ऐन पावसात साठा संपेल, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग शिपाई कुणब्याच्या घरी शिरतील. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. रयतेस त्यापेक्षा मोगल बरे वाटतील.

४/४ गंजीजवळची चूल, चिलीम, रात्रीचा दिवा, उंदराने ओढून नेलेली पेटती वात, यांविषयीही ताकीद आहे. कारण गवत एकदा जळाले की पावसाळ्यात ते कोठूनही मिळणे नाही. वैरण मोजून घालणे हे पागेचे काम खरे; या पत्रात तेच रयतेच्या रक्षणाचे पहिले काम ठरते.