साडेतीन हजार शब्दांच्या यादीमागे

अमेरिकेत एमएस किंवा पीएचडीला जायचं ठरवलेल्या मुलांच्या टेबलावर एके काळी एक जाडजूड पुस्तक हमखास असायचं. बॅरन्सचं जीआरईचं पुस्तक, आणि त्यातली सुमारे 3500 इंग्रजी शब्दांची यादी. पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत फ्लोरा फाउंटनचा फुटपाथ, हैदराबादेत कोठी. कुठूनही जुनी प्रत आणायची आणि घोकायला बसायचं. सिव्हिल इंजिनीअरनं 'ऑब्सिक्वियस' म्हणजे लाळघोट्या हे पाठ का करावं, असा प्रश्न कुणी विचारत नसे. आज तोच विचारू.

त्यासाठी 1917 मध्ये जावं लागेल. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली मानसशास्त्रज्ञांनी सैनिकांची बुद्धिचाचणी घ्यायला सुरुवात केली. सतरा लाखांहून अधिक लोक तपासले गेले. इंग्रजी वाचता येणाऱ्यांसाठी 'आर्मी अल्फा' नावाची प्रश्नपत्रिका होती. तिच्यात दोन शब्द समानार्थी की विरुद्धार्थी ते ओळखायचं होतं आणि शब्दजोड्यांमधलं नातंही शोधायचं होतं. झटपट तपासता येतील असे प्रश्न. आपल्या शाळेतल्या व्याकरणाच्या पेपरासारखेच, फक्त इथे उत्तरावरून अक्कल ठरत होती.

या आकड्यांवर प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिघम यांनी 1923 मध्ये पुस्तक लिहिलं. दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणारे स्थलांतरित उत्तर युरोपीयांपेक्षा बुद्धीनं कमी, असा त्यांचा निष्कर्ष होता. याच ब्रिघम यांच्या देखरेखीखाली 1926 मध्ये कॉलेज प्रवेशाची सॅट परीक्षा सुरू झाली. पण 1930 मध्ये त्यांनी स्वतःचा निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतला. त्यांचं म्हणणं असं होतं की, एखाद्या भाषेतल्या चाचणीवरून तुलना करायची तर ती भाषा शिकण्याची संधी सगळ्यांना सारखी मिळालेली हवी. ज्यांच्या घरात दुसरी भाषा किंवा दोन भाषा बोलल्या जातात, त्यांची तुलना या चाचण्यांवरून करता येणार नाही. हे वाक्य मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. घरात दुसरी भाषा म्हटलं की बडोद्यातलं किंवा बेळगावातलं मराठी घर आलंच की!

त्यानंतर काही वर्षांतच, 1936 मध्ये, कार्नेगी फाउंडेशन आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया यांनी मिळून जीआरईचं काम हाती घेतलं. 1937 मध्ये पहिली परीक्षा झाली. ती दिली याच विद्यापीठांत आधीच दाखल झालेल्या विद्यार्थ्यांनी. 1948 पासून कारभार ईटीएस या संस्थेकडे आला. पुढे इंग्रजीच्या विभागात तेच जुने पाहुणे दिसतात, विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्या.

परदेशी विद्यार्थी वाढले तशी 1964 मध्ये टोफेल सुरू झाली. तिचा प्रश्न साधा आणि रास्त होता: या मुलाला इंग्रजीतलं वाचून-ऐकून समजतं का? जीआरईचा प्रश्न वेगळा: शब्दांशी खेळताना याची बुद्धी कशी चालते? आपली मुलं दोन्ही देत. एका परीक्षेत त्यांचं इंग्रजी परकं धरून मोजलं जाई, दुसरीत जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याच्याच फूटपट्टीनं.

यादीचा जन्म इथे आहे. विरुद्धार्थी शब्दाच्या प्रश्नात वाक्यच नसायचं. 'लॅकॉनिक' हा एक शब्द आणि खाली पाच पर्याय. मोजकं बोलणारा हा अर्थ ठाऊक असेल तर बोलघेवडा शोधता येणार, नाहीतर नुसता अंदाज. संदर्भ नाही म्हटल्यावर अर्थ तर्कानं काढायचा कशावरून? मग घोकंपट्टी आली. तिला तुच्छ लेखायचं कारण नाही, कारण प्रश्नानंच ती मागितली होती. त्यातही आपल्याकडची एक पुंजी उपयोगी पडायची. संस्कृतातले सु आणि दुर् ठाऊक असणाऱ्याला लॅटिनमधले 'बेने' आणि 'माले' चटकन उमगत. सुजन-दुर्जनच्या चालीवर बेनेव्होलंट-मॅलेव्होलंट. शब्द फोडून लक्षात ठेवण्याची ही सवय यादीपेक्षा जास्त टिकली.

नव्वदच्या दशकात परीक्षा संगणकावर आली आणि पाठांतराचा दुसरा अवतार निघाला. विद्यार्थी प्रश्नच लक्षात ठेवून बाहेर येऊन इंटरनेटवर टाकू लागले. 2002 मध्ये ईटीएसला चीन, तैवान आणि दक्षिण कोरियात ही परीक्षा पुन्हा कागदावर आणावी लागली.

ऑगस्ट 2011 मध्ये विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्या जीआरईतून गेल्या. आता वाक्यातली किंवा उताऱ्यातली गाळलेली जागा भरायची असते. शब्द अजूनही अवघडच, पण आजूबाजूला वाक्य असतं आणि 'जरी', 'तरीही', 'म्हणूनच' हे छोटे शब्द वाट दाखवतात. म्हणून आता तयारी करणाऱ्यानं यादीला दिवसाचा अर्धा तास द्यावा आणि उरलेला वेळ विज्ञान, इतिहास, कला यांवरचे लांब इंग्रजी लेख वाचण्यात घालवावा, असं माझं मत आहे. 2023 पासून परीक्षाही आटोपशीर झाली आहे, 1 तास 58 मिनिटांची.

दरम्यान अमेरिकेतल्या अनेक विभागांनी जीआरईची अटच काढून टाकली आहे. टोफेलसारखा भाषेचा पुरावा मात्र आपल्या मुलांकडून बहुतेक ठिकाणी आजही मागितला जातो.