वितळलेल्या क्षारांची काही मिनिटे

बेळ्ळंदूर तलावाच्या उत्तरेला एचएएलचा विमानतळ आहे. तेथे दिसतात तशा लढाऊ विमानांच्या अनेक आसनांत एक बॅटरी वर्षानुवर्षे निपचित पडून असते. वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकण्याची वेळ आली, तरच ती जागी होते, आणि त्या एका वेळी तिला चुकून चालत नाही. आधी चाचणी घ्यावी, तर ती तेथेच संपते.

ही औष्णिक बॅटरी. तिच्यातील क्षार एरवी घन असतात. त्यामुळे वीज वाहत नाही आणि झीजही जवळजवळ होत नाही. आतील ज्वलनशील चकत्या पेटल्या, की क्षार वितळून वीज मिळू लागते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या गेऑर्ग ओटो एर्ब यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली. युद्धानंतर ब्रिटिशांनी त्यांची चौकशी केली. १९४६ मध्ये हे ज्ञान अमेरिकेत पोहोचले.

पुढे बराच काळ कॅल्शियम आणि कॅल्शियम क्रोमेट ही जोडी चालली. कॅल्शियम ८४२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून ते निर्धोक वाटे. पण क्षारांतील लिथियमशी त्याचा संयोग होऊन द्रव मिश्रधातू बने, तो ओघळे आणि बॅटरी आतल्या आत शॉर्ट होई. आयुष्य मोजायचे ते मिनिटांत.

१९७० च्या दशकात लिथियम-सिलिकॉन आणि पायराइट आले. शुद्ध लिथियम १८० अंशांनाच वितळते. सिलिकॉनच्या संगतीत ते घन राहते. तासाभराची बॅटरी आवाक्यात आली. अडचण मात्र दुहेरी झाली. साधारण ५५० अंशांवर पायराइट विघटित होऊन गंधक सोडते, आणि लिथियम व पोटॅशियम क्लोराइडचे मिश्रण ३५२ अंशांखाली गोठते. रासायनिक ऊर्जा शिल्लक असतानाही बॅटरी अनेकदा मरते, ती निव्वळ गारठून! म्हणून वरच्या अंगाला अधिक ताप सोसणारे कोबाल्ट डायसल्फाइड आणले गेले आणि खालच्या अंगाला सुमारे ३२५ अंशांपर्यंत द्रव राहणारे ब्रोमाइड-फ्लोराइड मिश्रण. श्रेय सहसा या रसायनांना मिळते. उष्णतारोधक आवरणाला फारसे मिळत नाही, हा अन्यायच आहे. सुरुवातीलाच जास्त उष्णता ओतावी, तर पायराइट ती सोसत नाही. तेव्हा आहे ती निसटू न देणे एवढेच हाती उरते, आणि ते काम आवरणाचे.

भारतात क्षेपणास्त्रांसाठी अशा बॅटऱ्या हैदराबादची एचबीएल कंपनी बनवते. रणगाडाभेदी क्षेपणास्त्राचे काम मिनिटाच्या आत आटोपते, लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राला कित्येक मिनिटे लागतात. कोठारात वाट पाहण्याची वर्षे मात्र दोन्हींची सारखीच, वीस किंवा त्याहूनही अधिक.